न वाकणारी दोन द्रव्ये

लौकिक हा प्रकार माणसांप्रमाणे निर्जीव द्रव्यांच्याही वाट्यास येतो, आणि एकदा तो चिकटला म्हणजे त्याची फेरतपासणी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. काच म्हणजे भंगुर आणि लोखंड म्हणजे अभंग, असा निवाडा आपल्या दरबारी पूर्वीच होऊन बसला आहे; त्या निवाड्याच्या आधारावर आपण घरे बांधतो, भांडी घेतो, भांडी मोडीत घालतो आणि अलीकडे आमच्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी समुद्राकडे तोंड करून काचेच्या भिंतीही उभारतो. परंतु लोखंडाच्याच कुळातले, स्वयंपाकघरापासून गिरणीपर्यंत सर्वत्र वावरलेले जे बीड, त्याची कैफियत जर शांतपणे ऐकून घेतली तर ते आपल्या भाऊबंदांना सोडून थेट काचेच्या पंक्तीस जाऊन बसते, असे दिसून येईल. ते तसे का बसते हे सांगावे, आणि त्या अनुषंगाने मुरुड, कर्दे, हर्णै या गावांस लागू पडणारी एक तक्रार मांडावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम दोघांचा जन्म पाहावा. शुद्ध लोखंड वितळण्यास १,५३८ अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते, त्यात अडीच ते चार टक्के कार्बन आणि एक ते तीन टक्के सिलिकॉन मिसळलेले असले की तेच लोखंड साधारण १,१५० ते १,२०० अंशांवर पाण्यासारखे पातळ होते आणि वाळूच्या साच्यात हव्या त्या आकारात ओतता येते, हेच बीड. काचेचीही तीच रीत. निव्वळ वाळू, म्हणजे सिलिका, वितळवायची तर भट्टी १,७०० अंशांच्या घरात न्यावी लागते. तीत सोडा घातला की रस पुष्कळ कमी उष्णतेवर होतो, आणि सोड्यामुळे पाण्यात विरघळण्याची जी खोड त्या रसाला जडते ती चुन्याने मोडते. म्हणजे दोन्ही ठिकाणी मूळ द्रव्याचा हट्ट परक्याच्या मध्यस्थीने नरम केलेला. दोन्ही द्रव्ये रसरूपाने आकार घेणारी. आणि थंड झाल्यावर हातोड्याचा एक घावही न सोसणारी. घडीव लोखंडाचा कोयता वाकला तर लोहार तो तापवून, ठोकून सरळ करून देतो. बिडाची कढई चिरली तर तोच लोहार हात जोडतो.

आता बळाचा मामला. बळ म्हणजे एकच एक गुण, आणि तो ज्याच्या ठायी अधिक ते द्रव्य सर्व कामांस अधिक योग्य, ही आपली समजूत मुळातच अपुरी आहे. एखाद्या वस्तूवर भार ठेवून ती दाबणे निराळे, दोन्ही टोकांस धरून ती ताणणे निराळे, आणि मध्ये भार देऊन ती वाकविणे हे त्याहून निराळे, कारण वाकविताना वस्तूची एक बाजू दबते व दुसरी ताणली जाते. साधे करडे बीड दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दीड ते अडीच हजार किलोंचा ताण सोसते, परंतु दाब मात्र त्याच्या तिप्पट-चौपट घेते. काचेत हीच तफावत पराकोटीस जाते : दाबाखाली ती दर चौरस सेंटीमीटरला दहा हजार किलोंच्या आसपास टिकते, म्हणजे बिडाच्या तोडीस तोड, किंबहुना वरचढ, आणि ताणाखाली नेहमीच्या वापरातली तावदानाची काच तीन-चारशे किलोंवरच राम म्हणते. जिला आपण भंगुर म्हणतो ती काच भाराखाली चिरडता चिरडत नाही, आणि ज्याला आपण अभंग समजतो ते बीड ताण लागताच काडकन मोडते, ही वस्तुस्थिती एकदा ध्यानात घेतली की लौकिकाची अर्धी इमारत ढासळते.

या गुणाचा दाखला इतिहासाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. इंग्लंडात सेव्हर्न नदीवर १७७९ साली उभारलेला बिडाचा पूल आजही उभा आहे, कारण तो कमानीचा आहे आणि कमानीत प्रत्येक तुकडा शेजाऱ्याकडून दाबला जात असतो. त्याच देशात चेस्टरजवळ डी नदीवर बिडाच्या तुळया आडव्या टाकून बांधलेला रेल्वेचा पूल १८४७ च्या मे महिन्यात आगगाडीखाली मोडला. आणि २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडातील टे नदीवरचा पूल गाडीसह पाण्यात गेला, तेव्हा चौकशीत असे निष्पन्न झाले की बिडाच्या खांबांना वाऱ्याविरुद्ध आवळून धरणाऱ्या तिरप्या पट्ट्या ज्या कानांना जोडल्या होत्या ते खांबांसोबतच ओतलेले बिडाचे कान तुटले. खांब भाराने खचले नव्हते. वाऱ्याने त्यांच्याकडून जे मागितले ते देण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. आपल्या मुंबईत काळा घोड्यापाशी वॉटसन हॉटेलची जी इमारत १८६७ ते १८६९ या काळात उभी राहिली, आणि जीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा, विलायतेत घडवून जहाजाने आणलेला. आणि तिची आखणी करणारा ऑर्डिश हा १८५१ च्या लंडनमधील प्रसिद्ध काचमहालाच्या कामावर तयार झालेला मनुष्य. काच आणि बीड यांनी मिळून उभारलेल्या त्या महालाची मेख अशी की त्यात काचेचे तुकडे लहान ठेवले होते आणि भार खांबांवर सरळ उतरविला होता. आमच्या किनाऱ्यावर जे चालले आहे त्याच्याशी ही मेख ताडून पाहण्याजोगी आहे, म्हणून ती येथे नोंदवून ठेवतो.

मोडण्याचे कारणही दोघांचे एकच. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० साली काचेवर प्रयोग करून असे दाखविले की काच मुळात दुबळी नाही. नुकत्याच ओढलेल्या अतिसूक्ष्म काचतंतूचे बळ जाड कांडीच्या कितीतरी पट असते. परंतु हाताळणीने, धुळीने, पुसण्यानेसुद्धा तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारे ओरखडे पडतात, ताण या ओरखड्यांच्या टोकाशी एकवटतो, आणि एकदा का त्यांतला एक चालू लागला की त्यास अडविणारे काचेच्या अंगी काही नसते. बिडात हे ओरखडे बाहेरून यावे लागत नाहीत, ते आतच असतात. रस सावकाश थंड होताना त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा पडतो, आणि सर्व अंगभर विखुरलेले हे पापुद्रे म्हणजे जन्मजात भेगाच होत. तडा पसरण्यास बीड काचेपेक्षा दहा-वीस पट अधिक विरोध करते हे खरे. पण हा फरक प्रमाणाचा, जातीचा नव्हे. गंमत अशी की हेच पापुद्रे बिडाच्या उपयोगीही पडतात : कंप गिळून टाकण्याचा गुण त्यांच्यामुळे येतो, म्हणून लेथची बैठक बिडाची, आणि कातताना चुरा सुटा पडतो, म्हणून कारागीर त्यावर खूश. १९४० च्या दशकात रसात किंचित मॅग्नेशियम घालून या पापुद्र्यांच्या गोळ्या करण्याची युक्ती सापडली, आणि बीड थोडेफार वाकू लागले. आजचे मोठे जलवाहिनीचे नळ त्याच चिवट बिडाचे असतात.

आणखी एक नाते आहे, आणि मला ते सर्वांत विलक्षण वाटते. काचेचे मूलद्रव्य सिलिकॉन. ते बिडात असते म्हणूनच कार्बन ग्राफाइट होऊन बाहेर पडतो आणि बीड करडे, कातता येण्याजोगे होते. ते नसते, किंवा रस एकदम थिजविला, तर पांढरे, दगडाहून कठीण आणि कोणत्याही हत्याराला दाद न देणारे बीड हाती येते. उलट लोखंड काचेत उतरले की काच हिरवी होते. जाड काचेची कड डोळ्यांशी धरून पाहिली तर जो हिरवा डोह दिसतो तो वाळूतल्या लेशमात्र लोखंडाचा. कोकणची जमीन जांभ्याची, म्हणजे लोखंडाने तांबडी झालेली, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याच्या वाळूत लोह-टायटॅनियमचे काळे इल्मेनाइट मिसळलेले; त्यामुळे मुरुडची वाळू कितीही मऊ, कितीही देखणी असली तरी तिच्यातून पारदर्शक तावदान निघावयाचे नाही. काचेच्या कारखान्यांना लागणारी पांढरी वाळू आमच्याच दक्षिणेस सिंधुदुर्गात, कासार्डे-फोंड्याच्या बाजूस सापडते. तेवढ्या अंतरावर निसर्गाने लोखंड वेगळे काढून ठेवले आहे.

या दोन द्रव्यांचे स्वदेशी कारखाने महाराष्ट्रात निघाले ते जवळपास हातात हात घालून. स्वदेशीच्या भरात अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल दरडोई एक पैसा गोळा करून जो पैसाफंड उभारला त्यातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना किर्लोस्करवाडीस आणला, आणि १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस काचेची भट्टी पेटविली. या दोन्ही वाड्यांना औंधाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा आश्रय लाभला, हे एका लहानशा संस्थानिकाच्या दूरदृष्टीचे प्रमाणपत्र मानावयास हरकत नाही. मोठ्या संस्थानांच्या दप्तरांत अशी नोंद शोधावी लागेल. ओगल्यांचा प्रभाकर कंदील घरोघर टांगला गेला, आणि त्याच्या काचेने एका पिढीला उष्णतेचे शास्त्र शिकविले. पडवीत टांगलेल्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा तिरपा शिंतोडा आला की ती तडकत असे. काच उष्णता फार सावकाश वाहून नेते. थेंब पडला ती जागा आक्रसते, सभोवारची काच आक्रसत नाही, आणि त्या दोहोंच्या ओढाताणीत, म्हणजे पुन्हा ताणानेच, ती फुटते. बिडाची उष्णतावाहकता काचेच्या सुमारे पन्नास पट, म्हणून त्याला हा धोका कमी. परंतु चुलीवरून उतरविलेला लाल तवा तसाच पाण्याखाली धरणाऱ्या उतावळ्या सुनेला सासूने दिलेली समज शास्त्रशुद्धच असे, कारण तोही तडकतो.

तव्याचा विषय निघालाच आहे तर तो अर्धवट सोडवत नाही. घावन घालावयाचे ते बिडाच्या तव्यावर, हा कोकणचा शिरस्ता. आणि तो केवळ जुन्याच्या प्रेमाचा नाही. ॲल्युमिनियम बिडाच्या चौपट-पाचपट वेगाने उष्णता नेते, पण त्याचा तवा पातळ असल्याने तांदळाचे गार पीठ पडताच विझल्यासारखा होतो. जाड बीड आपल्या वजनात उष्णतेचा साठा बाळगून असते, म्हणून पीठ पडताक्षणी जी जाळी सुटावयास हवी ती सुटते. नवा तवा खरखरीत असतो आणि पहिली काही घावने हटकून चिकटतात. तेल लावून तापविण्याचा क्रम बरेच दिवस चालला म्हणजे त्या खरखरीत रंध्रांत तेलाचा काळा, कठीण, गुळगुळीत थर बसतो, आणि मग अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून नुसती फिरविली तरी काम भागते. हा थर आंबटाने जातो. म्हणून ज्या घरात तवा बिडाचा त्याच घरात आमसुलाचे आगळ काचेच्या बाटलीत. कोकमाचे आम्ल लोखंड खाते, रंग काळवंडतो, तोंडात धातूची चव येते, आणि काचेला मात्र ते आम्ल वर्षानुवर्षे स्पर्शही करू शकत नाही. कोणत्या वस्तूस कोणते काम सांगावे याची इतकी अचूक वाटणी ज्या आजीने केली तिला पदार्थविज्ञानाचे पुस्तक ठाऊक नव्हते. तिच्या नातवाने मात्र पदविका मिळवून तो तवा मोडीत घातला आणि तीन वर्षांत ज्याचा लेप निघतो असे भांडे आणले.

समुद्रकाठी या दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. खाऱ्या हवेतले क्लोराइड लोखंडाला स्वस्थ बसू देत नाही. मुरुडच्या उत्तरेस हर्णैसमोर सुवर्णदुर्ग पाण्यात उभा आहे. १७५५ च्या एप्रिलात कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्या पराक्रमाच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेने लंडनजवळ त्याच नावाचा मनोरा १७८४ साली बांधला, हे आमच्या पर्यटकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या काळच्या आरमारी लढायांतले तोफगोळे बिडाचे असत, आणि बिडाची तोफ स्वस्त असली तरी गोलंदाजांचा विश्वास पंचरशी तोफेवर अधिक, कारण पंचरस फुगून, चिरून पूर्वसूचना देतो. बीड सूचना न देता फुटते. असा गोळा वा अशी तोफ शतक-दोन शतके समुद्रतळी राहिली तर मोठे चमत्कारिक घडते : लोखंड विरघळून निघून जाते, ग्राफाइटचे जाळे मूळ आकार धरून राहते, आणि वर काढल्यावर दिसावयास जशीच्या तशी असलेली वस्तू चाकूने कापता येते. काच त्याच पाण्यात पडली तर लाटांनी तिची धार जाते, कांती जाते, पण द्रव्य काचच राहते. तेव्हा क्षाराच्या कसोटीवर काचेचा विजय निर्विवाद आहे, आणि समुद्रकाठच्या घरास काच लावू नये असे म्हणण्याचा माझा मुळीच उद्देश नाही.

माझी तक्रार काच कशी लावतात याविषयी आहे. मुरुडची जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, नारळी-पोफळीच्या वाडीत दडलेली, उतरत्या कौलारू छपराची. त्यांत काच असे ती कौलांच्या रांगेत बसविलेल्या एक-दोन काचेच्या कौलांच्या रूपाने. माजघरात दुपारी उतरणारा तो उजेडाचा चौकोन ज्या तुकड्यातून येई तो वीतभर रुंदीचा, जाड, रिपांवर सर्व बाजूंनी टेकलेला आणि शेजारच्या मातीच्या कौलांइतकाच निर्धास्त. आता जी विश्रामगृहे होत आहेत त्यांत खोलीची पश्चिमेकडची सबंध भिंत काचेची असते, कारण पाहुण्याला अंथरुणातून सूर्यास्त पाहावयाचा असतो. या हौसेचा हिशेब साधा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या उत्तरेस श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढले आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या त्याने आडव्या केल्या, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर सांगितला गेला. ताशी १२० किलोमीटरचा वारा समोरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलोंचा दाब देतो. दहा फूट रुंद आणि सहा फूट उंच तावदानावर हा बोजा ३८० किलोंच्या आसपास होतो. आणि वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. हा बोजा त्या काचेला दाबत नाही, वाकवितो. तिची आतली बाजू ताणली जाते, आणि ताण हाच तिचा दुबळा पक्ष, हे वर सांगून झालेच आहे. त्यातून वादळात वारा एकटा येत नसतो. उडालेली कौले, पत्रे, सुटलेले नारळ यांचीही वरात त्याच्या संगतीने येते.

यावर एक उत्तर हटकून मिळते, की हल्ली कडक केलेली काच वापरतात. उत्तर खरे आहे, पण पुरते नाही. तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम थंड केलेल्या काचेचा पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो, त्यामुळे वाकविताना ताणाला आधी त्या दाबाचे देणे फेडावे लागते आणि काच साधीपेक्षा चार-पाच पट टिकते. काचेच्या बलस्थानाचा तिच्याच रक्षणार्थ केलेला हा उपयोग बुद्धिमत्तेचा उत्कृष्ट नमुना आहे. परंतु ती फुटली की सबंध फुटते, दाणेदार चुरा होऊन चौकटीतून गळून पडते, आणि मग वादळ खोलीत शिरून छपर आतून उचलते. मध्ये चिवट पापुद्रा घालून दोन काचा चिकटविलेल्या असतील तर तडा गेला तरी तावदान जागेवर राहते. किनाऱ्याला हवी ती ही काच, आणि ती महाग म्हणून टाळली जाते. सुरक्षित काचेसाठी भारतीय मानक २५५३ अस्तित्वात आहे. पण बांधकामाच्या परवानगीस जोडलेल्या नकाशावर खिडकीची लांबी-रुंदी लिहिलेली असते, तीत कोणती काच, किती मिलिमीटर जाडीची, हे सहसा लिहिलेले नसते. पायाच्या सळ्यांची जाडी विचारणाऱ्या यंत्रणेने समुद्रासमोरच्या काचेची जाडी विचारू नये, याला मी ढिलाई म्हणतो. मालकाला सूर्यास्त विकावयाचा असेल तर त्याने खुशाल विकावा. तीच भिंत सहा तावदानांत विभागून मध्ये भक्कम उभे खांब दिले तर पाहुण्याच्या डोळ्यांत काही फरक पडणार नाही, आणि प्रत्येक तावदानावरचा बाक कितीतरी कमी होईल. लंडनच्या काचमहालवाल्यांनी मोठी काच मिळत नव्हती म्हणून जे केले, ते आपण मिळत असतानाही करावे, इतकेच.

हे होईतोवर निदान एक गोष्ट पावसाळ्यापूर्वी करता येण्यासारखी आहे. घराची शाकारणी होते त्याच सुमारास या काचभिंतींच्या चौकटी उघडून पाहाव्यात. साध्या लोखंडाचे स्क्रू खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षांत गंजतात; गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, आणि रबराची पट्टी सुकून निघाली असेल तर तो फुगलेला गंज थेट काचेच्या कडेवर येतो. काच कापताना सर्वाधिक ओरखडे कडेलाच पडलेले असतात, म्हणून बहुतेक तडे तेथूनच सुरू होतात, वारा नसतानासुद्धा. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे घालावेत, पट्टी नवी बसवावी, आणि काच चौकटीच्या धातूला कोठेही थेट टेकलेली नाही याची खातरजमा सुताराकडून नव्हे, स्वतः करून घ्यावी.